थोरल्यांनी मान वळवली

पिंगळीत शिलाईचं दुकान चालवणाऱ्या राजेश्रीशी कुणी हुज्जत घालत नाही, कारण ती ऐकूनच घेत नाही. एकदाच तिनं लोकांचं ऐकलं होतं. मुलगा शंभुराज बोलेना, तेव्हा सारं घर म्हणालं, बापावर गेलाय, शिवरुद्रही उशिराच बोलला. त्या भरवशावर दोन वर्षं वाया गेली आणि मग परभणीत कळलं, पोराला ऑटिझम आहे.

आता धाकटी दीड वर्षाची झाली होती. भावाला आहे तर बहिणीलाही लवकर दाखवा, असं तिथल्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. राजेश्री तिला घेऊन निघाली, तशा सासूबाई, सुलाबाई, नको नको म्हणत सोबत आल्या.

मॅडमनी मागून हाक मारली, "भागम्मा!" पोरगी डबीचं झाकण फिरवत राहिली. पुन्हा हाक मारली, तरी तेच. राजेश्री मॅडमच्या तोंडाकडं बघू लागली.

सुलाबाईंना मात्र हसू फुटलं. "अवो म्याडम, ते माझ्या सासूचं नाव हाय. हौसेनं ठेवलं, पन सुनांनी सासूचं नाव घेऊन हाक कशी मारावी? सगळे थोरल्या म्हनायलेत हिला." आणि त्यांनी साद घातली, "ओ थोरल्या!"

दीड वर्षाच्या थोरल्यांनी झटकन मान वळवली.

"झालं! लेकरू ठणठणीत हाय. चल." सुलाबाई पिशवी घेऊन उठल्या. राजेश्रीलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला. पण ती उठली नाही.

"थांबा आत्याबाई. हाकेला वळली, लय चांगलं झालं. पन पानी पायजे असलं की माझा हात धरून माठाकडं नेतीय. बोट दाखवत न्हाई, तोंडाकडं बघत न्हाई. शंभूबी असंच करायचा."

"शिवरुद्रबी असाच करायचा की!"

"म्हनूनच तर दाखवायलेय."

मॅडम बराच वेळ पोरीशी खेळल्या. आत्ताच नक्की सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण वाट बघत बसायचंही कारण नाही. पाण्याचा पेला समोर धरायचा, क्षणभर थांबायचं, तिनं तोंडाकडं बघितलं की लगेच द्यायचा. शंभूच्या वेळी हे कळलं असतं तर, असा कढ राजेश्रीला आला. तो तिनं गिळला. "आजपासूनच करते," ती म्हणाली.

सुलाबाई अजून उभ्याच होत्या, सुनेवर चिडलेल्या. मग त्यांनी पिशवी खाली टाकली आणि नातीसमोर फतकल मारली.

"हिला काय सांगायलात, म्याडम? ही दिवसभर दुकानात. लेकरू माझ्यापाशी असतंय. मला दावा."