पेल्याला ओठ

वडनेरच्या आमच्या घरी गोठ्याच्या खिडकीत स्टीलचा एक ग्लास वेगळा ठेवलेला असतो. निंदायला येणाऱ्या मावशीचा. मी त्याविरुद्ध पत्रकं लिहिली, गावभर वाटली. ग्लास तिथंच!

मग वाचनालयातल्या पुस्तकात एक फोटो सापडला. चार-पाचशे वर्षांपूर्वीचा, युरोपातल्या कारागिरांच्या संघाचा चांदीचा पेला. उंच दांड्यावर उभा, अंगभर टपोरे फुगे, वर झाकण. शेजाऱ्यानं झाकण धरायचं, आपण ओठ लावून प्यायचं आणि पेला पुढं द्यायचा. सगळ्यांना एकच. त्यांच्या पेल्यात दारू असे. आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात पाणी चालेल, असं मी ठरवलं. पैंजण आटवून हिंगणघाटच्या सोनाराकडून तसाच लहानसा पेला करून घेतला.

"काऊन पायजेत वं हे टेंगळं?" सोनार म्हणाला. "घासता घासता नखं जातीन."

एकाच पेल्यातून पाणी प्यायला शेजारपाजारच्या बायकांना आमच्या अंगणात बोलावलं. मावशीलाही बोलावलं, तर ती म्हणाली, "मी पेईन. माह्या मांगून कोन पेईन?"

"मी. ओठ लावून."

"पाय बरं. लिहून तं तू लय देते."

त्या सकाळी मला बाकी सगळ्यांची काळजी होती. बायका येतील का? काकू ऐनवेळी उठून जाईल का? आई काय करेल? एकेकीचा चेहरा वाचत होते. स्वतःची काळजी मात्र एकदाही वाटली नाही.

मावशीनं ओठ लावले, प्याली, पेला मला दिला आणि झाकण धरून उभी राहिली. मी पेला उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार सोडली. लहानपणापासून घरात आम्ही सगळे असंच पितो. हाताला दुसरं माहीतच नाही. रुंद तोंडाच्या पेल्यातून धार कसली पडणार! पाणी नाकात, गळ्यात, कुर्त्यावर.

बायका हसल्या. मावशी हसली नाही.

"थांब मावशी, चुकून झालं—"

तोवर काकूनं पेला माझ्या हातातून घेतला, भरला आणि वरून प्याली. मग आई. मग सगळ्याच. मी करून दाखवलं, तसंच.

मावशीनं झाकण माझ्या ओल्या हातात ठेवलं. "जातो मी. निंदन पडलं हाय," म्हणाली. जाताना गोठ्याच्या खिडकीशी थांबली, ग्लास घेतला आणि पदरात बांधून घेऊन गेली.

पेला परत आला तेव्हा काठावर एकाच जागी ओठांचा डाग होता. तिथंच ओठ लावून उरलेलं पाणी मी प्याले. बघायला ती नव्हती.