शाळेतला कापसाचा काटा

पुंडलिकराव गुरुजी शहाऐंशी साली सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी त्यांच्या आहार-आरोग्याच्या कामाबद्दल लांबलचक भाषण ठोकलं. टाळ्या झाल्या. गुरुजी मान खाली घालून बसले होते आणि लोकांना वाटलं, किती हा विनय! मला राग आला, पाहुण्यांचा नाही, माझाच. कारण त्यांची मान खाली का आहे हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं, आणि मीही टाळ्या वाजवत होते.

आमचं गाव वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजी अंगानं काटक, डोक्यावर पांढरी टोपी, सायकलच्या दांड्याला लटकवलेली कापडी पिशवी. हजेरी घेताना पोरानं 'हजर' म्हटलं की यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "काय खाऊन आला?" कोणी म्हणे भाकर-चटणी, कोणी म्हणे रात्रीचं उरलेलं, कोणी गप्पच राही. जो गप्प राही त्याचं नाव गुरुजी लक्षात ठेवत. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातले भाजलेले शेंगदाणे त्याच्या मुठीत सरकवत आणि वर दटावत, "चावून खा, गिळू नको."

पंच्याहत्तर साली त्यांना वर्ध्याला तीन दिवसांच्या आरोग्य-शिबिराला धाडलं. मी असते तर तीन दिवस झोपा काढून परत आले असते. गुरुजी मात्र झपाटून आले. वयाप्रमाणे वजन किती हवं, उंचीप्रमाणे किती हवं, याचा एक तक्ताच त्यांनी उतरवून आणला होता. मला म्हणाले, "शोभाबाई, पोरगं वाळून राह्यलं हे डोळ्याले सहा महिन्यानं दिसते. काट्याले महिन्यात दिसते."

"काटा आणणार कुठून?" मी नाक मुरडलं.

तो त्यांनी आणला. सिंदीच्या प्रभाकररावांचा कापसाचा व्यापार. त्यांच्या गोदामात एक जुना फळीचा काटा पडून होता. पितळी दांडी, तिच्यावर सरकतं वजन. गुरुजींनी तो मागून घेतला आणि बैलगाडीत घालून शाळेत उतरवला. त्या फळीच्या फटींत अजून कापसाचे तंतू अडकलेले होते. पोरं भोवती गोळा झाली. त्यातल्या बऱ्याच जणांनी बापासोबत जाऊन हा काटा आधीच पाहिलेला होता.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिसरी-चौथीच्या पोरांची वजनं घ्यायची. लेकरू जोखलं की नजर लागते, अशी बायांची समजूत. म्हणून पहिल्या शनिवारी निम्मी पोरं तळपायाला काजळाचा ठिपका लावून आली. गुरुजी हसले नाहीत. काट्याची फळी मात्र शाळा सुटेपर्यंत काळी झाली होती.

भिंतीवर त्यांनी मोठा कागद लावला. प्रत्येक पोराचं नाव, पुढे वजन. वजन ठीक असेल तर नावाखाली हिरवी रेघ, कमी असेल तर लाल. ज्याचं वजन वाढायला हवं होतं आणि वाढलं, त्याला त्या दिवशी शाळेची घंटा वाजवायचा मान. आणि लाल रेघेच्या पोरांच्या घरी गुरुजी स्वतः जात. आयांशी ओसरीवर बसून बोलत. तुरीचं वरण पातळ करू नका, भाकरीसोबत अंबाडीची भाजी द्या, शेंगदाणे-गूळ द्या, पोरीलेही पोराएवढंच वाढा. खरं तर त्यांचं औषध हे घरी जाणंच होतं. पण तेव्हा ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, सगळी करामत काट्याची.

गंमतही झाली. भैय्याजी म्हणजे गावातले किराणा दुकानदार. त्यांचा नातू सगळ्यांत जड भरला आणि छाती काढून घंटेकडे निघाला. गुरुजींनी त्याला थांबवलं. "तुह्या उंचीले हे वजन जास्त होते बाबू. रोज तळ्यापर्यंत पळत जाजो." दुसऱ्या दिवशी भैय्याजी शाळेच्या दारात. "गुरुजी, आमच्या घरच्या तुपाले नजर लावता का? धष्टपुष्ट पोरगं तुमच्या डोळ्यात सलते काय?" गुरुजींनी त्यांना बाकावर बसवलं आणि अर्धा तास समजावलं, की जड म्हणजे निरोगी नव्हे, आणि हलकं म्हणजे चपळ नव्हे, अंगाला जेवढं शोभतं तेवढं वजन. भैय्याजींना पटलं नाही, पण पोरगं पळायला लागलं. ही गोष्ट मी घरी रंगवून सांगायची. गुरुजींच्या या खटाटोपाकडे मी अशीच पाहायची, करमणूक म्हणून.

शहात्तरच्या ऑगस्टमध्ये जयवंताचं पहिलं वजन झालं. तिसरीत, नऊ वर्षांची. तानबाची मुलगी. घरी पाच एकर शेती, आई आनंदाबाई दिवसभर निंदणाला. काळीसावळी, मोठे डोळे, उत्तर येत असूनही हात वर न करणारी पोर. वजन भरलं साडेअठरा किलो. लाल रेघ.

त्या लाल रेघेचं गावात काय होत होतं, ते गुरुजींच्या ध्यानी आलं नाही. पोरं घरी जाऊन सांगत, अमक्याच्या नावाखाली लाल आहे. ते विहिरीवर जाई. तिथं आनंदाबाईला कोणीतरी म्हणालं, "पोरीले उपाशी ठेवून राह्यली काय वं? शाळेच्या भिंतीवर लिवलं हाय म्हणे." आनंदाबाई पाण्याचा गुंड तिथंच ठेवून घरी गेली आणि चुलीपुढे बसून रडली. पोरीनं ते पाहिलं.

सप्टेंबरात वजन तेवढंच. ऑक्टोबरात एकोणीस. नोव्हेंबरात साडेएकोणीस. डिसेंबरात साडेवीस भरलं आणि जयवंताच्या नावाखाली गुरुजींनी हिरवी रेघ ओढली. एवढे खूश झालेले गुरुजी मी आधी पाहिले नव्हते. जयवंतानं घंटा वाजवली, दोन्ही हातांनी दोर धरून. गुरुजी मला म्हणाले, "पाहा बाई, चार महिन्यांत पोर सावरली." त्या महिन्यापासून त्यांनी तानबाच्या घरी जाणं थांबवलं. लाल रेघेची अजून अकरा घरं होती, त्यांना कुठे कुठे पुरं पडावं!

जानेवारीत आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, लाल रेघेची मुलं तपासायला पाठवा. गुरुजींनी अकरा पोरं रांगेत उभी केली. जयवंता त्यात नव्हती. तिचा आकडा गुरुजींनी डॉक्टरांना भिंतीवर दाखवला, नमुना म्हणून. डॉक्टर 'शाबास' म्हणाले. पोर खिडकीजवळ उभी होती आणि पदरासारखा ओढणीचा तुकडा तोंडाशी धरून खोकत होती. थंडीचे दिवस, सगळीच पोरं खोकतात.

आता माझं सांगते. वजनाच्या शनिवारी जयवंता लवकर यायची आणि व्हरांड्यातल्या माठाजवळ उभी राहून पाणी प्यायची. एक पेला, दोन, तीन, चार. मी माझ्या वर्गाच्या दारातून हे पाहिलेलं आहे, एकदा नाही, तीनदा. वाटलं, तहान लागली असेल. मुलींच्या कमरेला, अंगाला हात लावायचा नाही, ही गुरुजींची मर्यादा होती. मुलींना काट्यावर नीट उभं करणं हे माझं काम होतं, त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. मी म्हटलं होतं, मला माझ्या वह्या तपासायच्या आहेत.

मार्चच्या पहिल्या शनिवारी वजन भरलं एकवीस. जयवंता फळीवरून उतरली, व्हरांड्यापर्यंत गेली आणि तिथं कोसळली. आरडाओरडा ऐकून मी धावले. उचलायला कमरेखाली हात घातला तर हाताला काहीतरी टणक लागलं. परकराच्या आत जुन्या लुगड्याच्या चिंधीची पिशवी बांधलेली होती. सोडली. नाल्यातले पाच गोटे निघाले. कमरेभोवतीची कातडी सोलवटली होती.

तिनं डोळे उघडले आणि पिशवी पाहून माझा हात धरला. "बाई, गुरुजीले सांगू नका. लाल रेघ आली का माह्या मायले बोलतेत लोकं."

"अगं पण असं कोणी शिकवलं तुला?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमचे बाबा बी कापसावर पाणी मारतेत ना, काट्यावर नेल्याच्या आंदी. सगळेच मारतेत."

खरं होतं. आमच्या भागात कापूस काट्यावर चढण्याआधी वजनाची सोय होते. कोणी पाणी शिंपडतं, कोणी गाठोड्याच्या पोटात ढेकूळ ठेवतं. कोणाला त्यात पाप वाटत नाही. काट्यावर जड भरायचं असतं, एवढं पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळतं. आम्ही तोच काटा शाळेत आणला, वर जड भरल्याबद्दल घंटा वाजवायला दिली. तिनं प्रामाणिकपणे घरचं काम शाळेत केलं. पण दर महिन्याला थोडं वाढवून दाखवायचं, आणि आतून तर ती उतरत चाललेली. म्हणून दर महिन्याला एक गोटा जास्त.

गुरुजी माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पोरीला उचललं आणि काट्यावर ठेवलं. सतरा. पोटातलं पाणी धरून सतरा.

त्याच दुपारी तानबाची गाडी जुंपून ते सिंदीला गेले, तिथून रेल्वेनं वर्ध्याला. क्षय निघाला, दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. दोन-तीन महिने आधी आणली असती तर, असं तिथं कोणीतरी बोललं. इंजेक्शनं सुरू झाली. गुरुजी दर रविवारी जायचे, पिशवीत मोसंबी आणि उकडलेली अंडी घेऊन. स्वतः माळकरी माणूस, अंडं कधी हातात धरलं नव्हतं. मे महिन्यात जयवंता गेली.

मातीला गाव गेलं, आम्ही दोघंही गेलो. घरी परतल्यावर तानबा भिंतीशी बसून राहिला. आनंदाबाई गुरुजींपुढे आली आणि एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तं मोजत होते ना?"

आरडाओरडा केला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुजींनी हात जोडले, ते जोडलेलेच राहिले. घरी येताना वाटेत मी सांगून टाकलं, माठाजवळ पाणी पिताना मी तिला पाहायची. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्यावर ओरडेल. ते म्हणाले, "तुम्ही पाणी पाहत होत्या बाई, मी आकडा पाहत होतो. पोर दोघांनीबी पाह्यली नाई."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंतीवरचा कागद नव्हता. काटा कोपऱ्यात, वर बारदान टाकलेलं. 'काय खाऊन आला' हा हजेरीचा प्रश्नही बंद झाला. गुरुजी शिकवत होते, पाढे घेत होते, पण शेंगदाण्यांचा डबा आणणं त्यांनी सोडलं. घरोघरी जाणं तर सोडलंच. दोन वर्षं असं चाललं. मी त्यांना एकदा म्हटलं, निदान वजनं तरी घेऊ या, मी मदत करते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू उचलून वर्गात गेले. या दोन वर्षांत आणखी किती लेकरं वाळली असतील, आम्ही मोजलं नाही.

एकोणऐंशीचा जुलै. पहिलीचे दाखले चालू होते. आनंदाबाई धाकट्या नलूला घेऊन आली. सहा वर्षांची, तसेच मोठे डोळे. मी नाव लिहून घेतलं. आनंदाबाई मात्र उठेना. गुरुजींकडे पाहून म्हणाली, "काटा कुठी हाय?"

"आनंदाबाई, मी आता मोजत नाई," गुरुजी म्हणाले.

"काऊन?"

कारण ऐकायला ती थांबली नाही. आनंदाबाईनं उठून कोपऱ्यातलं बारदान ओढून काढलं. धूळ उडाली. तिनं नलूला काट्यापुढे उभं केलं, आणि आमच्यासमोर पोरीच्या परकराचा नेफा सोडून झटकला, पोलक्याच्या बाह्या चाचपल्या, दोन्ही मुठी उघडून दाखवल्या.

"पाहून घ्या गुरुजी. काईच नाई हाय तिच्याजवळ. आता मोजा."

गुरुजी पुढे आले. पितळी वजन ते सारखं पुढे-मागे सरकवत राहिले, दांडी स्थिरावेना. शेवटी मी दांडी धरली. नलू गाल फुगवून, श्वास कोंडून उभी होती.

"श्वास सोड बेटा," गुरुजी म्हणाले.

आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. नलूला बाहेर खेळायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मग आनंदाबाईला हळू सांगितलं, "साडेतेरा."

"कमी हाय?"

"कमी हाय."

आनंदाबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "मंग काय खाऊ घालू ते सांगाले घरी येजा. जयवंताच्या टायमाले तुम्ही येनं सोडलं होतं. या खेपी सोडू नका."

गुरुजी त्याच संध्याकाळी तानबाच्या घरी गेले. मीही सोबत गेले. अशा कामासाठी कोणाच्या घरी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.