लाल चौकटीतलं टिंब

डॉक्टर पूर्णिमा मूळची बीडकडची, नोकरीला कर्वेनगरच्या एका इस्पितळात. कामाला वाघ, पण स्वभावाने भित्री. इस्पितळातला कॉम्प्युटर उठसूट लाल चौकट दाखवायचा: डोस जास्त होतोय, वय बघा, हे औषध त्याच्यासोबत नको. चौकट घालवायची तर कारण लिहावं लागे. सुरुवातीला ही बाई प्रत्येक चौकट वाचून इमानेइतबारे कारण लिहायची. वरिष्ठ अभय सर म्हणाले, "अहो, पेशंट बरा होऊन घरी जाईल, आपला निबंध संपायचा नाही." बाकी सगळे कारणाच्या जागी नुसतं टिंब टाकायचे. टिंब टाकलं की चौकट गप्प. हळूहळू हिचंही बोट टिंबावर बसलं.

त्या दिवशी मेहबूबभाई न्यूमोनियाने दाखल झाले. बुधवार पेठेत मिक्सर-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, तापाने नुसता फणफणलेला. दुपारी पूर्णिमाने इंजेक्शन लिहिलं, लाल चौकट आली, हिने टिंब टाकलं आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

थोड्याच वेळात सिस्टर भाग्यश्री ओरडली, "मॅडम, पळा!"

मेहबूबभाईंचे ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घेता येईना. सलाइनमधून पेनिसिलिनच्याच जातीचं औषध चाललेलं. पूर्णिमाला एकदम आठवलं. सकाळीच त्यांच्या बायकोने, नसीमबानूंनी, बजावून सांगितलं होतं की यांना पेनिसिलिन चालत नाही. कॉम्प्युटरमध्ये ते भरलं कुणी होतं? हिनेच! लाल चौकट हिचंच सांगणं हिला ऐकवत होती, आणि हिने तिचं तोंड बंद केलं होतं.

"बंद कर ते! अॅड्रेनलिन दे!" मांडीत सुई, तोंडाला ऑक्सिजन. रक्तदाब घसरत होता. आणखी घसरला. दुसरी सुई दिली. "मेहबूबभाई, डोळे उघडा! अहो, उघडा ना!" पूर्णिमा रागावत होती की गयावया करत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. माझ्या हाताने चाललाय हा माणूस, एवढंच डोक्यात.

मग आकडा थबकला आणि सावकाश चढू लागला. मेहबूबभाई खोकले. कुणाच्या खोकल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

अभय सरांनी तिला बाजूला घेतलं. "औषध सोसलं नाही, एवढंच सांगा घरच्यांना. खोटं नाहीये ते." खोटं नव्हतंच, तीच तर पंचाईत!

नसीमबानू घरून डबा घेऊन परतल्या तेव्हा सगळं निवळलं होतं. झालेलं ऐकून त्यांनी पूर्णिमाचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून वाचले हो, डॉक्टर."

"माझ्यामुळेच झालं हे," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं. कॉम्प्युटरनेही आठवण करून दिली. मी वाचलंच नाही."

नसीमबानूंनी हात सोडले. चार शिव्या घातल्या असत्या तर पूर्णिमाला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात भाग्यश्री औषधाची नवी बाटली घेऊन आली. नसीमबानू खाटेसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"मला वाचता येतं, पण मी नाही वाचणार. या डॉक्टरांकडे द्या." बाटली पूर्णिमाच्या हातात आली. "हं, वाचा. मोठ्याने."

पूर्णिमा वाचू लागली.