दारातलं ‘येते’

पत्नी गेली तेव्हा आखातातल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या रत्नागिरीच्या भाभींनी मला जेवू घातलं. रोज डबा आणायच्या, पण निघताना ‘येते’ म्हणायच्या नाहीत. दुःखाच्या घरी तसं म्हणत नाहीत, हे त्यांना गावच्या हिंदू शेजाऱ्यांमुळे ठाऊक होतं. मला मात्र तो शब्द ऐकावासा वाटे.

परवा त्या निरोप घ्यायला आल्या. नवऱ्याची नोकरी संपली होती, व्हिसा रद्द झाला होता.

“चपात्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात, भाई. पुस्तकं वाचून पोट भरत नाय.”

“आज तरी ‘येते’ म्हणा,” मी म्हणालो.

“खोटं कशाला बोलू?”

मी त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं. शेजारी म्हणून माझ्याच्यानं तेवढंच झालं.