बीपबीप कुणी बंद केली

माझी भावजय रागावत नाही, असं सगळे म्हणतात. साफ खोटं. ती राग शिवून ठेवते, आतल्या बाजूनं, दुहेरी टाक्यानं. मी तिची नणंद, आणि तिच्याच शिवणाच्या दुकानात कापड बेतते, म्हणून मला ठाऊक. माझा राग तोंडात असतो. आला की बाहेर.

तिची पोरगी भिंगरी, वय वर्षं साडेचार. एका जागी बसेल तर शपथ! दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. "एवढ्याशा पोरीला?" म्हणणाऱ्यांना उत्तरं देऊन माझं तोंड दुखलं. हो, एवढ्याशा पोरीला. गोड खाऊन नाही, तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. आधी दिवसाला चार-पाच इंजेक्शनं. सुई दिसली की पोर पलंगाखाली. मग पंप आला. पोटावर एक चिकटपट्टी, तिथून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला काडेपेटीहून थोडा मोठा पंप, चोवीस तास थेंबथेंब इन्सुलिन सोडणारा. दंडावर एक बिल्ला, तो साखर मोजून पंपाला कळवतो. साखर चढली की पंप बीपबीप करतो, आणि बटण दाबेपर्यंत गप्प बसत नाही. वहिनीनं पंपासाठी पाठीवर बसणारी चेनची पिशवी शिवली, इतकी घट्ट आणि मऊ की भिंगरी कितीही नाचली तरी हलायची नाही.

त्या दिवशी शाळेत नाचाची तालीम होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः समोर बसलेल्या. पंप वाजला. मोठ्या बाईंना खुट्ट झालेलं खपत नाही. त्यांनी पोटाजवळच्या खटक्यातून नळी सोडवली, पाठीवरच्या पिशवीतून पंप काढला आणि आपल्या खोलीत टेबलाच्या खणात टाकला. वहिनीनं वर्गाच्या बाईंना सगळं शिकवलं होतं, तीनदा, चित्रं काढून. पण मोठ्या बाईंना शिकवायला जाणार कोण? बाराला शाळा सुटताना त्यांनी पंप परत पिशवीत घातला, चेन ओढली आणि पोरीला घरी पाठवलं. नळी पोटाला जोडायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे आम्हाला नंतर वर्गाच्या बाईंनी सांगितलं, जिन्यात, इकडेतिकडे बघत. चारचौघांत बोलायची त्यांची छाती नव्हती.

अडीचला भिंगरी ओकायला लागली. धाप लागलेली, डोळे जड. वहिनीनं पिशवी उघडली तर आतून ओलीचिंब, दवाखान्यासारखा वास. इन्सुलिन सगळं कापडानं प्यायलं होतं, पोरीला थेंबही नाही. दोन दिवस पोर अतिदक्षता विभागात होती. काचेबाहेर बसून मी मोठ्या बाईंना काय काय शिव्या घातल्या, ते लिहिण्यासारखं नाही.

पोर घरी आली आणि मागोमाग शाळेचं पत्र आलं. शाळेत यंत्र एकदाही वाजलं नाही. आजारपणाला आईचा हलगर्जीपणा जबाबदार. यापुढे यंत्र लावून मुलीला शाळेत पाठवू नये. अंतिम निर्णय शनिवारच्या पालकसभेत.

"यंत्र लावून नको म्हणजे पोरीलाच नको की गं!" मी किंचाळले. "अशी मोडीन ना तिची खुर्ची!"

वहिनी मशीनवर बसलेली. तिनं पत्राची घडी घातली. "ताई, खुर्ची मोडून काय होणार? दुसरी आणतील. मला ती त्या खुर्चीत बसलेली हवी आहे, सगळ्यांसमोर."

पंप सगळं लक्षात ठेवतो, हे मोठ्या बाईंना कुठलं माहीत असायला! दवाखान्यातल्या सिस्टरनी पंप संगणकाला जोडून त्या दिवसाचा कागद काढून दिला. तो बघून मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. दहा चाळीस, पंप वाजला, बटण दाबून बंद केला. अकरा पाच, तेच. साडेअकरा, तेच. अकरा पन्नास, तेच. चार वेळा! पहिल्यांदा तालमीत, मग तीनदा खणातून काढून बटण दाबायचं, परत खणात. वर म्हणे एकदाही वाजलं नाही.

मग माझी नजर खाली गेली. बारा पस्तीस. एक वीस. ही वेळ शाळेची नव्हती.

वहिनीचा चेहरा पांढराफटक. त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा कोट तातडीनं द्यायचा होता. पंप वाजला तसं तिनं पोरीला जवळ ओढलं, चेन उघडून बटण दाबलं, जास्तीचा डोस सोडला आणि परत मशीनवर बसली. दोनदा. फ्रॉक वर करून नळी बघितली नाही. पिशवी तिनंच शिवलेली, तिच्यावर तिचा आंधळा भरवसा.

मी कात्री उचलली आणि कागदाच्या खालच्या दोन ओळी सरळ कापून टाकल्या. हात सवयीचा, कडसुद्धा वाकडी गेली नाही. "संपलं," मी म्हणाले. "आता जा आणि त्या मोठ्या बाईला पुरून ये."

वहिनीनं खाली वाकून चिंध्यांमधून ती पट्टी उचलली आणि टाचणीनं कागदाला परत लावली.

"वेडी आहेस का तू? आयतं कोलीत देतेयस तिच्या हातात!"

"ताई, यातला काही राग माझ्याकरताही आहे," ती म्हणाली. "तो मी कापून कुठे टाकू?"

शनिवारी पालकसभेला वर्ग खच्चून भरला होता. मोठ्या बाई टेबलामागे ताठ बसलेल्या. मी मागे दाराशी, दातओठ खात. बाईंनी तेच सांगितलं, शाळेत यंत्र वाजलं नाही, आईनं लक्ष दिलं नाही. माना हलल्या. वहिनी उठली. मला वाटलं, आता बाईंच्या त्या चार वेळा वाचून सुनावते.

तिनं पट्टीवरूनच सुरुवात केली. "बारा पस्तीस. पंप वाजला, मी बटण दाबलं. नळी बघितली नाही. एक वीस. परत वाजला, परत दाबलं, परत बघितली नाही. माझी मुलगी मरता मरता वाचली, त्यात दोन चुका माझ्या."   आपल्या चुका अशा भर सभेत वाचणारी बाई कुणी बघितली होती?

मग ती टेबलाशी गेली आणि उरलेला कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"माझ्या दोन वाचून झाल्या. वरच्या चार तुमच्या आहेत. तुम्ही वाचा."

बाई म्हणाल्या, असले कागद कुणीही बनवतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून वर्गाच्या बाई उठल्या. इकडेतिकडे न बघता म्हणाल्या, "पंप वाजला, तालमीत आणि मग खणातून. चारही वेळा. मी ऐकला, आणि गप्प बसले."

आता सगळा वर्ग मोठ्या बाईंकडे बघत होता. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. ओठ हलले. "दहा... चाळीस," त्या पुटपुटल्या.

माझी वहिनी, जी रागावत नाही असं सगळे म्हणतात, टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाहीये."