ट्रायक्लोरची बाटली

चिकपेटेतल्या लाँड्रीत शालू ड्रायक्लीनला टाकताना एक गोडसर वास नाकात शिरला, आणि मी थेट आमच्या यशवंतपूरच्या जुन्या क्वार्टर्समध्ये जाऊन पोचले.

बाबा इंजिनिअर होते. त्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोर नावाचं, याच गोडसर वासाचं रसायन वापरत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईच्या इरकलीवर तेल सांडलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते टॉनिकच्या रिकाम्या बाटलीतून थोडं घरी घेऊन आले.

"खिडकी लाव गं, उडून जातं ते," बाबा मला म्हणाले. मी स्टुलावर चढून कडी घातली. आईनं कापसाचा बोळा फिरवला आणि डाग बघता बघता नाहीसा झाला. "अय्यो, स्वल्प मलाही द्या," शेजारच्या सुमाअक्का म्हणाल्या. बाबांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. आईचं डोकं दुखायला लागलं, पण तिनं ते सणाच्या दगदगीवर ढकललं. पुढे दर सणानंतर ती बाटली घरी येत राहिली.

आता मारतहळ्ळीच्या ऑफिसात मी रसायनांची सुरक्षापत्रकं तयार करते. ट्रायक्लोरच्या पत्रकात कर्करोगाचा इशारा असतो आणि खाली सूचना असते, खिडक्या उघड्या ठेवा. आई मूत्रपिंडाच्या कर्करोगानं गेली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

परवा बाबांनी विचारलं, "तुझं काम नेमकं काय असतं?"

"बाटल्यांवर काय छापायचं ते बघते."

ते हसले. "आपल्या त्या बाटलीवर तर टॉनिकचंच लेबल होतं."

मीही हसले, आणि उठून खिडकी उघडली.