बाल्कनीतली गोधडी

बेल्मीरो मिस्त्रीने उभी केलेली दगडी भिंत ओळंब्याला कधी चुकली नाही; पण केलेल्या कामाचे पैसे मागायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्याचे हिशेब मीच लिहितो. पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतातल्या आमच्या गावात निम्मी घरं त्याने बांधली, आणि कितीतरी घरांचा शेवटचा हप्ता बुडाला. किल्ली दिली की मालक फ्रान्सला नोकरीवर परत, आणि हा हात चोळत बसायचा.

अन्सेल्मोच्या घराचंही तेच होणार होतं. घर पूर्ण झालं होतं, अठरा हजार युरो बाकी होते. ते आले नाहीत तर बेल्मीरोला आपला ट्रक विकून मजुरांची मजुरी चुकती करावी लागणार होती.

"पॅरिसचा फ्लॅट विकला की देतो, मिस्त्री. किल्ली तेवढी द्या," अन्सेल्मो म्हणाला.

मी बेल्मीरोला आधी ग्रासा वकीलबाईंकडे नेलं.

"दावा लावला तर वर्षं जातील," त्या म्हणाल्या. "वसुलीचा आदेश मागता येईल, पण त्याने हरकत घेतली की पुन्हा कोर्टच. घर अजून तुमच्या ताब्यात आहे ना? मग पैसे मिळेपर्यंत ते रोखून धरा. तसा हक्क आहे तुम्हाला. फक्त ताबा सोडायचा नाही."

"म्हणजे मी दुसऱ्याच्या घरात ठाण मांडून बसू?"

"तुला नाही जमायचं. मी बसते," सोबत आलेली त्याची बायको देओलिंदा म्हणाली, आणि शेगडी-पातेली घेऊन त्या घरात राहायलाच गेली.

अन्सेल्मो दारावर थडकला. "देओलिंदाबाई, हे माझं घर आहे!"

"आहेच की. पैसे द्या, मी निघाले. ओरडू नका, सूप उतू जाईल."

रविवारी चर्चमधल्या देवीची मिरवणूक होती. तिच्या वाटेवरच्या बाल्कन्यांत घरातली सर्वांत देखणी चादर टांगायची आमची रीत. अन्सेल्मोच्या बायकोने या नव्या घराच्या बाल्कनीसाठी खास रेशमी चादर आणली होती. शुक्रवारी सकाळी देओलिंदाने त्याच कठड्यावर आपली ठिगळांची गोधडी पसरली.

खालून पाववाली ओरडली, "काय गं, घर विकत घेतलंस की काय?"

"अजून नाही! पण रविवारी देवीला नमस्कार इथूनच!"

दुपारपर्यंत गावभर हशा पिकला. फाटकाशी अन्सेल्मोची बायको नवऱ्याला सुनावत होती, "त्या गोधडीखालून मी मिरवणुकीत चालणार नाही. बँक तीनला बंद होते. निघ!"

अन्सेल्मो बँकेने हमी दिलेला चेक घेऊन आला आणि म्हणाला, "थोडे पैसे कमी आहेत, मिस्त्री. आपलीच माणसं आपण."

मी बेल्मीरोकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली नाही.

"पूर्ण रक्कम," तो म्हणाला. "नाहीतर रविवारी भेटू."

अन्सेल्मो धावत पुन्हा बँकेत गेला. दुसरा चेक मी तपासला, बरोबर होता. बेल्मीरोने किल्ली दिली, देओलिंदाने गोधडी झटकून खांद्यावर टाकली. मग मजुरांना मागे बसवून तो मिरवणुकीच्या अख्ख्या रस्त्यावरून ट्रकचा हॉर्न वाजवत गेला.